आंब्याखालची हिरवळ: मोंडो ग्रास लावण्याची रीत, नवशिक्यांसाठी

आमच्या अंगणातल्या आंब्याखाली तीन वेळा लॉन अंथरून झालं. पहिल्यांदा सिलेक्शन वन, मग मेक्सिकन, आणि तिसऱ्यांदा 'शेड ग्रास आहे साहेब, अंधारातसुद्धा वाढतं' असं सांगून कंत्राटदाराने आणलेलं काहीतरी. तिन्ही वेळा एकच कथा: दोन महिने हिरवं, मग पिवळं, मग विरळ, आणि पुढच्या मृगात पुन्हा चिखल. दोष त्या माणसाचा जेवढा, तेवढाच आमचा. लॉनचं गवत म्हणजे उघड्या माळाचं लेकरू. त्याला रोज पाच-सहा तास लख्ख ऊन लागतं, आणि जुन्या आंब्याखाली कवडसे सोडले तर ऊन असतं कुठे?

चौथ्या वेळी आम्ही गवताचा नाद सोडला आणि मोंडो लावला. त्याला आता काही वर्षं झाली. ती जागा बाराही महिने गडद हिरवी असते आणि तिथे मशीन फिरवावं लागत नाही. ज्यांच्या बागेत असा एखादा अंधारा, उजाड तुकडा आहे त्यांच्यासाठी ही रीत लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. या झाडाची जवळजवळ सगळी मेहनत लावण्याआधी करायची असते. ती ज्यांनी टाळली त्यांना पुढची दोन वर्षं उकिडवं बसून तण उपटताना मी पाहिलं आहे.

हे गवत नाही

नाव मोंडो ग्रास, दिसतं गवतासारखं, पण गवताच्या कुळाशी याचा संबंध नाही. याचं शास्त्रीय नाव ओफिओपोगॉन जॅपोनिकस. कुळ शतावरीचं. उपटून पाहिलं तर नातं लगेच कळतं: बारीक मुळांमध्ये शेंगदाण्याएवढ्या पांढुरक्या, मांसल गाठी असतात, शतावरीच्या मुळ्यांची धाकटी आवृत्ती. पावसाळ्यात बाजारात येणारी फोडशी, म्हणजे कुळीची भाजी, आणि सफेद मुसळी हीही याच कुळातली. पानं गवतासारखी आणि जमिनीखाली पाण्याची साठवण, अशी या घराण्यातल्या बऱ्याच जणांची चाल आहे. त्या गाठींमुळेच एकदा रुजलेला मोंडो थोडी पाणीटंचाई सोसतो.

मूळ गाव चीन, जपान, कोरिया. चीनमध्ये याच्या मुळांच्या गाठी 'मायदोंग' नावाने शतकानुशतकं औषधात वापरतात आणि सिचुआन, चेज्यांग या प्रांतांत त्यासाठी त्याची शेतीही होते. जपानमध्ये ते बागेतलं झाड. पायवाटेच्या कडेला, दगडांच्या सांध्यात, झाडांच्या बुंध्याभोवती ते लावतात. तिथलं एक नाव 'जा-नो-हिगे', सापाची दाढी. दुसरं 'र्‍यू-नो-हिगे', म्हणजे ड्रॅगनची. शास्त्रीय नावातही तेच आहे: ग्रीकमध्ये ओफिस म्हणजे साप, पोगॉन म्हणजे दाढी. (हा तपशील मी सोसायटीच्या सभेत सांगितला नाही. आधीच 'गवत वाढवलंत तर साप येतील' असं तिघांनी बजावलं होतं.)

उन्हाळा-पावसाळ्यात पानांच्या आत लपलेली, खाली मान घातलेली पांढरी किंवा फिकट जांभळी फुलं येतात. वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. मग येतात ते मणी, गडद निळे. निळं फळ आपल्याकडे इतकं दुर्मिळ की पहिल्यांदा पाहिल्यावर कुणाच्या माळेतून ओघळले आहेत असंच वाटतं. खरं तर ते फळ नाहीच, उघडं पडलेलं बी आहे. फळाचं साल सुरुवातीलाच फाटतं आणि बी बाहेर वाढतं. जपानी हायकूत हा 'ड्रॅगनचा मणी' हिवाळ्याची खूण म्हणून येतो. तिथली पोरं त्याची निळी साल काढून आतलं दुधी बी दगडावर आपटतात आणि ते चेंडूसारखं उसळतं. आम्हीही करून पाहिलं. उसळतं.

नर्सरीत काय मागायचं

इथेच पहिली फसगत होते. पुण्याकडे हडपसर, मांजरी, उरुळी कांचन या सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच आहे. तिथे 'मोंडो' म्हटलं की चार वेगवेगळी झाडं समोर ठेवली जातात. ती ओळखता यायला हवीत.

साधा मोंडो: गडद हिरवी, अरुंद पानं, उंची साधारण २० ते ३० सेंटीमीटर, पानं कमानीसारखी बाहेर वाकलेली. मोठ्या जागेला आणि उताराला हा बरा.

ड्वार्फ मोंडो: तोच, पण बुटका, ५ ते १० सेंटीमीटर. गालिचा म्हणतात तो याचाच होतो. फरश्यांच्या फटीत हाच लावतात. दिसायला सर्वांत देखणा आणि वाढीला सर्वांत संथ. घाई असेल त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

लिरिओपी: मोंडोची सख्खी चुलत बहीण, नर्सरीत सर्रास एकाच नावाने विकली जाते. पान रुंद, आणि फुलांचा जांभळा तुरा पानांच्या वर ताठ उभा राहतो. मणी काळे. हिरव्या पानाला पिवळी-पांढरी कड असलेले प्रकारही मिळतात. झाड चांगलं आहे, थोडं जास्त ऊनही सोसतं, पण त्याचे ठोंब ठोंबच दिसतात, सलग गालिचा वाटत नाही. पायवाटेची किनार करायची असेल तर मी लिरिओपीच घेईन.

काळा मोंडो: पान खरोखरच काळपट जांभळं. फोटोत पाहून लोक याच्यावर भाळतात. थंड हवेचं झाड आहे, आपल्या एप्रिल-मेमध्ये रडतं. महाबळेश्वर-पाचगणीला घर असेल तर करून पाहा, बाकीच्यांनी एका कुंडीपुरता हट्ट ठेवावा.

याशिवाय स्पायडर प्लांट आणि रेन लिली ही दोन तोतया मंडळी. स्पायडर प्लांटचं पान मऊ, रुंद आणि लोंबत्या दांड्यांवर पिल्लं. रेन लिलीच्या बुडाशी छोटा कांदा असतो. शंका आली तर पिशवीतली माती बोटाने बाजूला करून पाहायला माळीदादांना विचारा, सहसा ते नाही म्हणत नाहीत.

रोप निवडताना उंची बघू नका, फुटवे मोजा, म्हणजे बुडातून वेगवेगळे निघालेले पानांचे झुबके. एका पिशवीत बारा-पंधरा फुटवे असतील तर ती पिशवी खरं म्हणजे चार-पाच रोपांची आहे. याचा उपयोग हिशोबात होणार आहे. पानांची टोकं थोडी तपकिरी असतील तर चालतं, पण बुडाशी पानं ओढून हातात आली तर बूड सडलेलं समजा. आणि पिशवीच्या मातीत लव्हाळ्याची एक जरी तिकोनी काडी दिसली तरी ती पिशवी परत ठेवा. आमच्या बागेत लव्हाळा आला तो असाच, विकत घेऊन.

जागा

सकाळचं कोवळं ऊन किंवा झाडातून गाळून आलेलं ऊन ही याची आवडती जागा. इमारतीच्या उत्तरेची पट्टी, जिन्याखालचा कोपरा, आंबा-फणस-चिकूच्या बुंध्याभोवतीची जमीन, नारळीच्या आळ्याबाहेरचा भाग, हे सगळं चालतं. दुपारी बारा ते चारचं थेट ऊन पडत असेल तर मार्चपासून पानं पिवळटतात आणि टोकं करपतात. मरत नाही, पण शोभतही नाही. तिथे लॉनच लावा, उन्हात ते याच्यापेक्षा सरस आहे.

दुसरी अट निचऱ्याची. पावसाळ्यात जिथे पाणी दोन-दोन तास साचून राहतं तिथे बूड कुजतं.

तिसरी अट वापराची. अधूनमधून पाय पडला तर मोंडो सावरतो, पण मुलं क्रिकेट खेळणार असतील, किंवा दूधवाल्यापासून सगळ्यांची जवळची वाट तीच असेल, तर आधी शहाबादी फरशीचे तुकडे किंवा कडप्पा पावलांच्या अंतरावर बसवून घ्या आणि मोंडो मधल्या जागेत लावा. माणसं कुठून चालतात हे आठवडाभर नुसतं बघा. नकाशावरची वाट आणि पायांची वाट क्वचितच एक असते.

जमीन: खरं काम इथे आहे

मोंडो संथ वाढतो. म्हणजे दोन रोपांमधली मोकळी माती वर्ष-दीड वर्ष उघडी राहते, आणि उघडी माती तणाला आमंत्रणच देते. आंबुशी, घोळ, दगडी पाला ही किरकोळ मंडळी हाताने निघतात. हरळी जरा चिवट. पण खरा वैरी लव्हाळा. याच्या जमिनीतल्या गाठींना मोथा म्हणतात, वैद्य लोक त्या औषधात वापरतात, आणि बागेत त्या तोंडाला फेस आणतात. वरची काडी उपटली की गाठ खालीच राहते आणि आठवड्यात पुन्हा फुटते. मोंडोच्या दाट मुळांत एकदा ही गाठ शिरली की ती काढायला मोंडोच उपटावा लागतो. म्हणून आधी लव्हाळा, मग मोंडो.

उघड्या जागेवर एक उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे ठेवायचं. आत इतकी उष्णता होते की बरंच तण आणि त्याचं बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी याने पूर्ण संपत नाहीत. शिवाय गंमत अशी की आपली जागा सावलीची, तिथे ऊनच नाही तर प्लास्टिक तापणार कसं? तेव्हा झाडाखाली हा खर्च करू नका.

झाडाखाली आम्ही केलं ते असं. मार्चअखेर जमिनीला भरपूर पाणी दिलं. आठ-दहा दिवसांत जे उगवायचं ते उगवलं. वाफसा आल्यावर, म्हणजे माती चिकटतही नाही आणि ढेकळंही धरत नाही अशा वेळी, खुरप्याने प्रत्येक लव्हाळा गाठीसकट काढला. गाठी बादलीत जमवल्या, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकल्या नाहीत. पुन्हा पाणी, पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा खुरपणी. असे चार फेरे जून येईपर्यंत झाले. चौथ्या फेरीला पाव बादलीही भरली नाही. सावलीत लव्हाळा मुळात दुबळा असतो, तेवढी एक मदत आपल्या बाजूला असते.

खणताना झाडाची कदर करा. आंब्याची अन्न ओढणारी बरीच मुळं वरच्या थरात असतात. बुंध्यापासून किमान फूटभर जागा सोडा, कुदळीऐवजी खुरपं किंवा हातकुदळ वापरा, चार-पाच इंचांपेक्षा खोल जाऊ नका, अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं तर त्याला वळसा घाला. आणि मोंडोसाठी म्हणून बाहेरून माती आणून बुंध्याभोवती ढीग करू नका. खोडाला माती लागून राहिली की साल कुजायला लागते. भर घालायची ती इंच-दीड इंच, तीही बुंध्यापासून दूर.

मातीत काय मिसळायचं हे तुमच्या मातीवर आहे. पोयटा, म्हणजे गाळाची भुसभुशीत माती असेल तर नुसतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पुरे, चौरस फुटाला साधारण दोन ओंजळी. काळी चिकण माती असेल तर ती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, दोन्ही वाईट. तिच्यात खत दुप्पट आणि बरोबर जाडसर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच ठेवा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत निचरा उत्तम पण पाणी धरून ठेवायला काही नसतं, तिथे पालापाचोळ्याचं खत सढळ हाताने घाला. शेणखत ताजं नको. ताज्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते आणि तणाचं बीही.

हिशोब

नवशिक्यांना रोपांच्या संख्येचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून आकडे देतो. रोपांमध्ये आणि ओळींमध्ये सारखंच अंतर धरलं तर चौरस फुटाला ४ इंचांवर ९ रोपं बसतात, ६ इंचांवर ४, आणि ८ इंचांवर सव्वादोन. ड्वार्फला ४ इंच, साध्याला ६ ते ८ इंच, लिरिओपीला १० ते १२ इंच ठीक.

आमची जागा १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. बुंध्याभोवतीची जागा आणि फरश्या वजा केल्यावर शंभरेक उरले. साधा मोंडो ६ इंचांवर म्हणजे ४०० रोपं. आकडा ऐकून पोटात गोळा आला होता, पण एका पिशवीचे पाच भाग केले तर पिशव्या लागल्या ८०. आणि तेवढ्याही एकदम घ्यायला हव्यात असं नाही. निम्म्या जागेला पुरतील इतक्या घ्या, निम्मीच जागा नीट लावा, आणि दोन-तीन वर्षांनी त्याचेच ठोंब फोडून उरलेली भरा. सगळ्या जागेवर फूटभर अंतराने विरळ लावण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, कारण विरळ लावलेल्या जागेत तुम्ही मोंडो नाही, तण पोसता.

बियांपासून करायचा मोह होत असेल तर निळी साल आणि गर पूर्ण धुऊन काढावा लागतो, नाही तर बी रुजायला मागत नाही. धुतल्यावरही आठवडे, कधी महिने लागतात. छंद म्हणून ठीक. अंगण भरायला नाही.

लागवडीचा दिवस

घाटावर मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत केव्हाही. कोकणात आणि मुंबईत जुलैच्या मुसळधारेत नवी रोपं उघडी पडतात आणि सडतात, तिथे पावसाचा जोर ओसरल्यावर, गणपतीच्या आगेमागे लावलेलं बरं. ऑक्टोबरच्या कडक उन्हाआधी रोपाला महिनाभर तरी मिळायला हवा.

आदल्या दिवशी पिशव्यांना पाणी द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किंवा ढगाळ दुपारी कामाला बसा. पिशवी कापून मातीचा गोळा बाहेर काढा, बादलीतल्या पाण्यात हलकेच बुचकळून माती सैल करा आणि गवती चहाचा ठोंब फोडतात तसा हाताने फोडा. प्रत्येक भागात दोन-तीन फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. मुळांशिवायचा फुटवा लावू नका, तो बहुधा जगत नाही. हाताने सुटत नसेल तर जुन्या सुरीने बुडातून चिरा. मुळं फार लांब असतील तर बोटभर ठेवून कापली तरी चालतात, मात्र गाठी असलेला भाग राहू द्या. पानं लांब असतील तर वरून एक तृतीयांश छाटा, म्हणजे रोप कमी कोमेजतं. फोडलेले ठोंब ओल्या गोणपाटाखाली ठेवा. वाऱ्यावर अर्धा तास उघडी राहिलेली मुळं नंतर कितीही पाणी घातलं तरी रुसलेलीच राहतात.

ओळीसाठी सुतळी ताणा. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध आलं पाहिजे, म्हणजे जागा लवकर भरते आणि उतार असेल तर पाण्याला सरळ वाट मिळत नाही. खुरप्याने खाच करा, मुळं खाली सोडा, माती लोटा, दोन बोटांनी घट्ट दाबा.

खोली हा इथला सगळ्यात नाजूक मुद्दा. पानं जिथून फुटतात ते बूड मातीच्या पातळीला हवं. दोन सेंटीमीटरही खाली गेलं की पावसाळ्यात तिथे पाणी धरतं आणि रोप आतून कुजतं. वर राहिलं तर मुळं सुकतात. आमची पहिल्या दिवशी लावलेली दोन ओळ रोपं मी स्वतः, 'घट्ट बसू देत' म्हणून, खोल गाडली होती. महिन्याभरात त्यातली निम्मी गेली. मदतीला आलेल्या मावशींनी लावलेली सगळी जगली. त्या भात लावत आलेल्या आहेत, त्यांना कुणी खोली शिकवायची गरज नव्हती.

शेवटी झारीने पाणी द्या, पाईपच्या धारेने नाही. मधल्या मोकळ्या मातीवर बारीक पालापाचोळा, नारळाचा भुसा किंवा वाळलेलं गवत अर्धा-एक इंच पसरा, बूड मोकळं ठेवून.

पहिलं वर्ष: काहीच होत नाही

लावल्यानंतर दोन-तीन महिने झाड वाढताना दिसत नाही. काही पानं पिवळी पडून झडतात. लोक इथे घाबरतात आणि युरिया टाकतात. टाकू नका. झाड जमिनीखाली कामाला लागलेलं असतं. एखादं रोप बोटाच्या चिमटीत हलकं ओढून पाहा, अडलं तर रुजलं.

या वर्षात तुमचं काम दोनच. पंधरा दिवसांतून एकदा खुरपणी, तण बोटभर असतानाच. आणि जी रोपं गेली त्यांच्या नांग्या भरणं, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावणं. यासाठी सुरुवातीलाच वीस-पंचवीस ठोंब एका कुंडीत बाजूला लावून ठेवा, ऐनवेळी नर्सरीच्या खेपा वाचतात. दुसऱ्या पावसाळ्यात फुटवे वाढलेले दिसतात, तिसऱ्यात माती दिसेनाशी होते. ड्वार्फला यापेक्षाही वेळ लागतो.

पाणी आणि खत

पाऊस नसेल तर पहिले तीन आठवडे एक दिवसाआड. पुढे बोट मातीत दोन पेरं घालायचं, खाली ओल लागली तर पाणी नाही. रुजलेल्या झाडाला हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण भरपूर. रोज थोडं थोडं शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय, मुळं वरच राहतात.

खत वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात, चाळलेलं गांडूळखत चौरस फुटाला एक मूठ. पानांवर पडलेलं हाताने झटकून बुडाशी जाऊ द्या.

काय बिघडतं

पानांची टोकं तपकिरी होणं ही सर्वसाधारण तक्रार. कारणं तीन: जास्त ऊन, फार कोरडी माती, किंवा बोअरचं क्षाराचं पाणी. बोअरच्या पाण्याने कुंड्यांवर पांढरा थर येत असेल तर तेच कारण समजा. पावसाळ्यात क्षार धुऊन जातात आणि नवी पानं चांगली येतात. बाकीच्या महिन्यांत निदान आठवड्यातून एकदा गोडं पाणी मिळालं तर बघा.

बूड मऊ होऊन पानं सुटून हातात येत असतील तर पाणी साचतं आहे. तो ठोंब मातीसकट काढून टाका, तिथे मुरूम मिसळा, मग नवा लावा.

गोगलगायी पावसाळ्यात कोवळी पानं कुरतडतात. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचं काय केलं ते वाचलं असेलच. बागेत त्या मानाने प्रकरण सोपं आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजा घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. विषारी गोळ्या घरात कुत्रं-मांजर असेल तर आणूच नका.

आंब्याखाली एक खास तक्रार असते जी दुसरीकडे होत नाही. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे चिकट गोड रस टाकतात, तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. मोंडोची पानं काजळी धरल्यासारखी दिसतात. रोग मोंडोला झालेला नसतो. पाईपने सकाळी जोरात धुऊन काढा. मोहोर संपला की प्रश्न संपतो. आंब्याची पडलेली पानं मात्र आठवड्याला उचला. ती चामड्यासारखी जाड असतात, लवकर कुजत नाहीत आणि खालचा मोंडो गुदमरतो. दाताळ्याने ओढताना हात हलका ठेवा, पहिल्या वर्षी तर हातानेच वेचा.

आणि सापांचं. मोंडो साप बोलावत नाही, पण उंच, दाट ठोंबात उंदीर लपू शकतात आणि उंदरांमागे साप येतो. दाराजवळ आणि मुलांच्या वाटेवर बुटका प्रकार लावा, खरकटं आणि अडगळ शेजारी साठवू नका, तण काढताना हात घालण्याआधी काठीने पान हलवा. निळे मणी लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, ते खाण्यासाठी नाहीत.

छाटणी आणि ठोंब फोडणं

छाटली नाही तरी चालणारी ही वनस्पती आहे. पण दोन-तीन वर्षांनी जुनी पानं राठ आणि करपलेली दिसायला लागतात. मग मेअखेर, नवी पानं निघायच्या आधी, मोठ्या कात्रीने बुडापासून तीन बोटं वर सरसकट कापा. नवी पानं निघाल्यावर कापलं तर त्यांची टोकं कायमची बोथट राहतात आणि वर्षभर तुमच्याकडे बघत बसतात. ड्वार्फला कात्री लावू नका, नुसती वाळलेली पानं बोटांनी ओढा.

हे वाचणारे काही जण अमेरिकेत असतील. तिथे दक्षिणेकडच्या राज्यांत मोंडो आणि लिरिओपी दोन्ही 'मंकी ग्रास' म्हणून घरोघरी असतात. तुम्ही लागवड वसंतात किंवा शरदात करा आणि छाटणी थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चमध्ये. लिरिओपीची स्पिकाटा ही जात तिथे घेऊ नका. ती जमिनीखालून धावत शेजाऱ्याच्या आवारात जाते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठोंब इतके दाटतात की मधली पानं पिवळी पडू लागतात. तेव्हा जूनमध्ये एक आड एक ठोंब काढा, फोडा, आणि अर्धवट राहिलेली जागा भरा. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात इतके निघाले की आंब्यापलीकडची भिंतीलगतची पट्टी पूर्ण झाली, आणि तरीही दोन घमेली उरली. साप येतील म्हणणाऱ्या तिघांपैकी एकांनी त्यातलं एक घमेलं मागून नेलं. नेण्याआधी मी त्यातला लव्हाळा दोनदा तपासला.